भव्य कव्हर प्रदर्शन

माणसानं आपल्या भिंतीवर काय लावावं हा त्याचा खासगी प्रश्न आहे. पण भिंत कॉलनीची असली की त्याचा अर्ज होतो, अर्जाची दुरुस्ती होते, दुरुस्तीचा ठराव होतो, आणि शेवटी भिंतीवर जे लागतं ते पाहून अर्जदारालाच घाम फुटतो. नांदेडच्या बुद्धप्रियाचं नेमकं हेच झालं. तिला फक्त अकरा चित्रं लावायची होती.

चित्रं म्हणजे 'झंझावात'च्या अकरा अंकांची मुखपृष्ठं. झंझावात हा लातूरचा सुपरहिरो. लातूरला सुपरहिरो होता हे लातूरलाही फारसं माहीत नाही. तीसेक वर्षांपूर्वी गंजगोलाईजवळच्या एका छापखान्यानं हौसेनं त्याचे अकरा अंक काढले, आणि मग हौस फिटली तसा छापखाना लग्नपत्रिकांकडे वळला. बुद्धप्रियाच्या हाती हे अंक आले तेव्हा ती दुसरीत होती आणि अंक मामाच्या घरी माळ्यावर होते. दुपारभर ती माळ्यावरून खाली यायची नाही.

आतली चित्रं कुणी काढली होती कोण जाणे. एका पानावर झंझावाताच्या हाताला सहा बोटं असायची, पुढच्या पानावर चार. सरासरी बरोबर यायची. पण मुखपृष्ठ! तिसऱ्या अंकावर विष्णुपुरीच्या धरणात झंझावात मगरीचा जबडा दोन्ही हातांनी फाकवून उभा होता, आणि त्या मगरीच्या डोळ्यांत पश्चात्ताप दिसायचा. आतल्या गोष्टीत मगर नव्हती. आत तो भेसळीचं खत विकणाऱ्या एका दुकानदाराला पकडायचा. मगर कुठंय म्हणून बुद्धप्रियानं तो अंक तीनदा शोधला, आणि तरी तिला फसवल्यासारखं वाटलं नाही. मगर वर होती, तेवढं पुरे होतं. पाचव्या अंकावर तो चाळीस मजली इमारतींवरून उडत चालला होता, आणि प्रत्येक इमारतीच्या गच्चीवर काळी पाण्याची टाकी होती. एका गच्चीवर तर एक बाई कुरडया उलटत होती. वर मान करून बघायलाही तिला फुरसत नव्हती. आणि नववा अंक भूकंपानंतरचा. त्यावर झंझावात कुणाशीच लढत नव्हता. एका घराचं माळवद दोन्ही हातांवर तोलून नुसता उभा होता, आणि त्याच्या पायांशी एक कोंबडी पिलांना घेऊन बाहेर पडत होती. ते चित्र बुद्धप्रिया आजही फार वेळ बघू शकत नसे.

पाठीवर मात्र कायम ते लाल, वाऱ्यावर फडफडणारं वस्त्र. मराठीत त्याला धड नाव नाही. अंकात 'उत्तरीय' छापायचे, गल्लीतली पोरं 'टॉवेल' म्हणायची.

आता तिची लेक महामाया दीड वर्षाची झाली होती आणि हाती लागेल ते तोंडात घालत होती. म्हणून मामाकडून आणलेले अंक कपाटाच्या वरच्या कप्प्यात होते, आणि लेक झोपली की बुद्धप्रिया ते उतरवून पाहायची. अशाच एका दुपारी सातव्या अंकावर तिची नजर अडकली. प्रत्येक अंकाच्या कडेला कुठंतरी किमतीचा पिवळा चौकोन होता. सातव्यावर तो छापताना सरकला होता, आणि त्याच्याखालून तीन शब्द डोकावत होते : केरबा पेंटर, लातूर.

लातुरात पेंटर शोधणं अवघड नाही. जुन्या पाट्यांच्या कोपऱ्यात सगळ्यांची नावं असतात. चौथ्या फोनला माणूस सापडला.

"हॅलो, केरबा पेंटर बोलून राहिलो. पाटी लोखंडी हाय का लाकडी?"

"काका, जय भीम. मी नांदेडहून बुद्धप्रिया. मला झंझावाताबद्दल..."

"जय भीम, जय भीम. झंझावात. चार अक्षरं. पत्र्यावर झकास बसतील."

"दुकान नाही हो काका. तुम्ही काढलेला झंझावात. विष्णुपुरीची मगर."

पलीकडं पत्र्यावर ब्रश ठेवल्याचा आवाज आला. मग केरबाकाका हळूच म्हणाले, "बाई, ती मगर तुम्हाला कुठं भेटली?"

मूळ चित्रं छापखान्यानं परत दिलीच नव्हती. काकांपाशी एकही अंक नव्हता. अकरा चित्रं एकत्र तर त्यांनी स्वतःही कधी पाहिली नव्हती. "आणि नाव म्हणाल तर दर खेपेला म्या टाकायचो. ते बरोबर त्याच्यावर किंमत छापायचे. मग पुढच्या अंकाला म्या नाव जरा वर सरकवायचो. तेबी किंमत वर सरकवायचे. असं करत करत अंकच बंद पडला. आता घरात कुणाला खरं वाटत न्हाई. सून म्हणते, मामा, तुम्ही 'येथे गाडी लावू नये' लई छान लिहिता. मगरीचं कुणी इचारत न्हाई."

आणि बुद्धप्रिया बोलून गेली. "काका, तुम्ही नांदेडला या. मी अकराच्या अकरा भिंतीवर लावते, सगळ्या कॉलनीला बोलावते. आणि खाली तुमचं नाव लावते. मोठ्ठं."

"मोठ्ठं म्हणजे किती?" काकांनी विचारलं. धंद्यातला माणूस.

"दारातून वाचता येईल एवढं."

"येतो," काका म्हणाले.

शब्द दिला होता. आता भिंत पाहिजे होती.

कॉलनीच्या समाजमंदिराचा हॉल सेक्रेटरी श्रीमंतरावांच्या ताब्यात होता. श्रीमंतराव तहसिलीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते, म्हणजे तहसील त्यांच्यातून अजून निवृत्त झाली नव्हती. बुद्धप्रियाचा अर्ज त्यांनी आधी उलटा करून मागची कोरी बाजू तपासली, मग पुढची वाचली.

"विषय : मुखपृष्ठ प्रदर्शनाकरिता सभागृह मिळणेबाबत. मुखपृष्ठ म्हणजे?"

"कव्हर हो, काका."

"मग कव्हर लिहा की! मुखपृष्ठ म्हणलं तर मेंबरला वाटंल मुखवटे-बिखवटे हायत." त्यांनी लाल शाईनं शब्द खोडला आणि समासात सही केली. "आणि हे 'कॉमिक्सच्या' काढून टाकू. एका प्रकाराला परवानगी दिली की दुसरा म्हणतो माझं का न्हाई. सूचना सर्वसमावेशक पाहिजे."

इथं बुद्धप्रियानं हरकत घ्यायला हवी होती. तिनं तोंड उघडलंही. पण त्याच वेळी महामायानं तोंड उघडून त्यात कॉलनीचा रबरी शिक्का घातला होता. शिक्का काढून, लेकीच्या जिभेवरचा 'सचिव' पुसून ती वर बघते तो श्रीमंतराव आणखी एक शब्द घालत होते.

"भव्य?"

"नुसतं प्रदर्शन कधी नसतंय, ताई. भव्य असतंय. नियमात न्हाई, पण वहिवाट हाय."

संध्याकाळी कॉलनीच्या ग्रुपवर सूचना आली. 'रविवारी सकाळी दहा वाजता समाजमंदिरात भव्य कव्हर प्रदर्शन आयोजित केले असून इच्छुकांनी आपापल्या कव्हरांसह उपस्थित राहावे. संयोजक : सौ. बुद्धप्रिया.' लेकीला वरण-भात भरवता भरवता तिनं ती वाचली. 'आपापल्या कव्हरांसह' वाचून तिला उलट बरंच वाटलं. कॉलनीत आणखी कुणाकडं जुने अंक असतील! आपण उगाच लोकांना अरसिक समजतो.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या दानम्माकाकू आल्या. काकूंचं माहेर उदगीरकडचं, आणि सल्ला देण्याची त्यांना सवय नव्हती, व्यसन होतं. पण आज त्या स्वतःच सल्ला मागत होत्या.

"प्रिया, जुनं आणलं तर चालतंय का गं?"

"काकू, जुनं तर हवंच! जितकं जुनं तितकं मोलाचं."

"माझं लग्नातलं हाय. थोडं फाटलंय."

लग्नात काकूंना कुणी कॉमिक्स दिली असतील, या विचारानं बुद्धप्रियाचा ऊर भरून आला. "असू द्या. फाटलेल्यालाही मान असतो काकू. चिकटवू-बिकटवू नका फक्त."

"चिकटवते कशाला, रफू करते. आणि धुऊन आणू का?"

"धुऊन?" बुद्धप्रिया किंचाळलीच. "अहो काकू, पाणी लावायचं नाही! रंग जाईल सगळा!"

"अय्यो, एवढी वर्षं धुतेच की. पहिल्या धुण्यात जायचा तेवढा गेला," असं पुटपुटत दानम्माकाकू गेल्या. काकूंचं वय झालं, असं बुद्धप्रियाच्या मनात आलं. आजकालच्या पोरींना बाळंतपणानंतर विसराळूपणा येतो, असं काकूंच्या मनात आलं. दोघी एकमेकींबद्दल हळव्या झाल्या आणि विषय तिथंच राहिला.

रविवारी बुद्धप्रियाचा नवरा रविकांत केरबाकाकांना आणायला एस.टी. स्टँडवर गेला. सासूबाई सरजाबाई अंकांची पिशवी घेऊन आधीच समाजमंदिरात पोचल्या होत्या. "मी नेते, तू पोरीचं बघ" म्हणाल्या होत्या. बुद्धप्रिया लेकीला कडेवर घेऊन कोपऱ्यावर वळली आणि जागीच थबकली.

समाजमंदिराच्या दारावर फ्लेक्स होता. फ्लेक्सवाल्या संगमेशला 'भव्य कव्हर प्रदर्शन' एवढाच मजकूर मिळाला होता. चित्र त्यानं स्वतःच्या बुद्धीनं टाकलं होतं. मधोमध जांभळ्या मखमलीचा सोफा, आणि सोफ्यावर बसल्यासारखा कापून चिकटवलेला श्रीमंतरावांचा फोटो.

आत तर बघायलाच नको. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पाच दोऱ्या ताणलेल्या. दोऱ्यांवर सोफ्याची कव्हरं, गाद्यांची कव्हरं, उशांचे अभ्रे, क्रोशानं विणलेली मिक्सरची, फ्रिजच्या दांडीची, आणि घरातून कधीच हद्दपार झालेल्या पेटीएवढ्या टीव्हीची कव्हरं. एका टीव्हीच्या कव्हरावर दोन मोर समोरासमोर होते. एका कोपऱ्यात कुणीतरी स्कूटरच आणून उभी केली होती, कव्हरासकट. हॉलभर बायका, आणि त्या सगळ्या एकदम बुद्धप्रियाकडं वळल्या.

"आल्या बघा संयोजक! ताई, नंबर कधी काढणार?"

"यंत्रावर शिवलेलं आणि हातचं एकाच गटात धरू नका हां, सांगून ठेवते."

दानम्माकाकूंनी तिचा हात धरून तिला मोरांपुढं नेलं. "हे माझं. लग्नातलं. तू म्हणलीस म्हणून धुतलं न्हाई बघ. धूळ हाय, पण रंग शाबूत हाय."

बुद्धप्रियाला हसू यायला हवं होतं. रडूच यायला लागलं. बक्षीस नाही आणि सोफ्याचा इथं काही संबंध नाही, हे या तीसेक बायकांना कसं सांगायचं, हा एक प्रश्न. त्याहून मोठा प्रश्न दारातून आत येत होता. रविकांतच्या मागं एक शिडशिडीत म्हातारा, अंगात परीटघडीचा पांढरा सदरा, गळ्यात निळा रुमाल, बसच्या प्रवासानं थोडा वाकलेला. चार तास बसमध्ये बसून हा माणूस स्वतःची चित्रं बघायला आला होता. त्यानं चप्पल बाहेर काढली, आत आला, आणि पाचही दोऱ्यांवरून सावकाश नजर फिरवली.

"बाई," केरबाकाका म्हणाले, "तुम्ही तर अकरा म्हणला होता. हे तर लई झाले."

"काका, थांबा, मी सांगते. घोटाळा झालाय. तुमची आहेत, ही बघा, इथं पिशवीत आहेत..." तिनं सासूबाईंच्या हातातून पिशवी जवळजवळ ओढूनच घेतली आणि टेबलावर उलटी केली.

पिशवीतून अकरा खाकी वह्या बाहेर पडल्या.

कडक, नव्या कोऱ्या खाकी कागदात, चारी कोपरे काटकोनात दुमडून, कण्याला घट्ट बसवलेले अकरा अंक. झंझावात नाही, मगर नाही, काही नाही. जूनमध्ये शाळा सुरू होताना घराघरांतून निघतो तसा गठ्ठा.

"आत्या! हे काय केलंत?" ती सासूबाईंवर ओरडली.

"काय म्हणजे?" सरजाबाईंनी अभिमानानं सगळीकडं पाहिलं. तीन लेकरांची शाळा-कॉलेजं त्यांनी या खाकी कागदात बांधून पार पाडली होती. "काल दुपारपासून बसले होते. कव्हराचं प्रदर्शन म्हणतीस आणि तुझीच पुस्तकं उघडीनागडी! चार माणसांत लाज न्हाई का जाणार? एक कोपरा तरी सैल निघतो का बघ."

निघत नव्हता. बुद्धप्रियानं नख घालून पाहिलं. महामाया कडेवरून खाली झेपावून कागद ओढत होती. अंक फाटला तर? तिनं हात मागं घेतला. आयुष्यात पहिल्यांदा तिनं कुणा परक्या माणसाला मोठा शब्द दिला होता, आणि तो परका माणूस समोर खुर्चीच्या कडेवर, पाहुणा बसतो तसा अंग चोरून बसला होता.

"सरक," दानम्माकाकू म्हणाल्या. "कापडाला खिळा लागला की वढत नसतात. सोडवतात."

काकूंनी कमरेची पिशवी उघडली, त्यातून क्रोशाची सुई काढली, आणि घडीखाली सारून हलकेच उचलली. कोपरा सुटला. दुसऱ्या दोघी पुढं आल्या. मग आणखी चौघी. ज्या हातांनी आयुष्यभर टाके घातले होते त्यांना उसवायचं काही वाटत नव्हतं. टेबलाभोवती बघता बघता कडं झालं. खाकी कागद एकेक करून उतरायला लागला, आणि त्याच्याखालून लाल, निळं, पिवळं वर यायला लागलं.

"अगं बया! मगर!"

"ही कुरडया करून राहिली बघ! अगदी आमच्या जाऊबाईंवाणी. वर आभाळातून माणूस चाललाय आणि हिला पत्ता न्हाई."

"पत्ता असून कसं चालंल? कुरडई वाकडी व्हायची."

नवव्या अंकाचा कागद सरजाबाईंनी स्वतः काढला. माळवद तोललेला माणूस पाहून त्यांनी अंक उजेडाकडं धरला. मग खालच्या कोंबडीची पिल्लं बोटानं मोजली. "पाच पिल्लं," त्या म्हणाल्या. "पाचीबी निघाली."

केरबाकाका खुर्चीवरून कधी उठले कुणाला कळलं नाही. ते टेबलाच्या टोकाला उभे होते आणि एकेका चित्राकडं असे बघत होते, जसं लांबच्या गावी दिलेल्या पोरींकडं बघावं.

आणि तेवढ्यात दानम्माकाकूंनी पाचवा अंक उचलून डोळ्यांपाशी नेला. मग तिसरा नेला. मग पुन्हा पाचवा.

"अय्यो," त्या म्हणाल्या. "ह्याला काठ हाय."

"कशाला?"

"हे पाठीवर जे उडतंय त्याला. हे बघ, लाल अंगात ही बारीक पिवळी रेघ, मग ही गोम, काठातली विणलेली नक्षी, मग परत रेघ. हा टॉवेल-बिवेल कुठला! हे लुगडं हाय!"

बुद्धप्रियानं अंक ओढून घेतला. पंचवीस वर्षं ती हे चित्र बघत होती. माळ्यावर, अंथरुणात, लेक झोपल्यावर कपाटापाशी उभ्यानं. मगरीचे दात तिनं मोजले होते, टाक्या मोजल्या होत्या. काठ तिला कधी दिसला नव्हता. आता दुसरं काही दिसेना. अकराच्या अकरा अंकांवर मराठवाड्याचा हा महाबली लुगडं पांघरून उडत होता.

सगळ्यांनी काकांकडं पाहिलं. केरबाकाका लाजले. सत्तरीचा माणूस लाजला की कानापासून सुरुवात होते.

"आता कसं सांगावं," ते म्हणाले. "हवेत कापड कसं उडतं, ते मला जमंना. कोण दाखवणार? मग आमची मालकीण लुगडं वाळत घालायची तवा म्या समोर पाटी घेऊन बसायचो. वारं आलं की काढायचो. ती म्हणायची, दिवसभर लुगडं बघून राहिलाव, एकदा नेसणारीकडंबी बघा की. छापखानेवाला म्हणला, केरबा, गडीमाणसाला काठ कशाला? पुसून टाक. म्या हो म्हणलं. आन न्हाई पुसला."

"त्या कुठायत आता?" कुणीतरी विचारलं.

"चार वर्षं झाली," काका म्हणाले.

सरजाबाईंनी काकांपुढं पाण्याचा तांब्या ठेवला. मग दानम्माकाकूंनी पाचवा अंक मोरांच्या शेजारी धरला, मान तिरकी केली, आणि धंद्यातल्या माणसाशी बोलावं तसं विचारलं, "वाऱ्यात चुणी पडती तवा गोम तुटती ना हो? तुम्ही तुटू दिली न्हाई. कशी धरली?"

केरबाकाकांना तीस वर्षांत कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. त्यांनी सांगायला सुरुवात केली. पुढचा अर्धा तास संयोजकाला कुणी विचारलं नाही. सोफ्याची कव्हरं दोरीवरून खाली आली, तिथं अकरा चित्रं चिमट्यांनी लागली, मोर तेवढे राहिले, कारण काकाच म्हणाले, "ते राहू द्या, त्यांच्या मानंची वळणं लई खरी हायत." श्रीमंतरावांनी येऊन, हे मंजूर विषयात बसतं का, असं विचारलं. तीस बायकांनी एकदम त्यांच्याकडं पाहिलं, आणि त्यांनी ते बसवून घेतलं.

राहिलं होतं नाव. ते संगमेशकडंच छापायला दिलं होतं. रविकांतनं गुंडाळी उलगडली. लिहिलं होतं, 'केरबा सोनकांबळे यांच्या सौजन्याने.' ओळीत नाव आलं की पुढं काय येतं ते संगमेशला पाठ होतं.

काकांनी वाचलं. "हे म्हणजे म्या खुर्च्या दिल्यासारखं झालं," ते म्हणाले.

बुद्धप्रियाचे डोळे भरले. "काका, माझं चुकलं. मी आत्ता लिहिते."

"तुम्ही न्हाई, बाई. लिहिणं माझं काम हाय. कागद आणा."

कुणाच्या तरी पोरीचा ड्रॉइंगचा कागद आला, जाड काळा मार्कर आला. काकांनी टेबल पुसून घेतलं. अंगठ्यानं कागद मापला, पेन्सिलीनं वर एक, खाली एक अशी रेघ मारली, एक डोळा मिटून पाहिलं. आणि बाया श्वास रोखून बघत असताना त्यांनी, दोन मजले खालून वाचावं अशा अक्षरात, लिहायला घेतलं. के. र. बा. बाचा काना तर असा उतरला की दानम्माकाकू "वाः" म्हणाल्या. सो. न. कां. ब.

कागद संपला.

काका मार्कर हातात धरून कडेकडं बघत राहिले. "चाळीस वर्षं लोकांची नावं बसवली," ते म्हणाले. "दुकानं, दवाखाने, उमेदवार. एक अक्षर कधी पाटीबाहेर सांडलं न्हाई. आन आज..." त्यांना हसू आलं, आणि हसता हसता त्यांनी रुमालानं डोळे टिपले. "स्वतःचं माप कधी घेतलंच न्हाई न."

सरजाबाईंनी दुसरा कागद आणला, पहिल्याला लावला, मागून चिकटवला आणि हातानं दाबून सपाट केला. "घ्या. लिहा. जागा लई हाय."

काकांनी 'ळे' लिहिला. तो बाकीच्या अक्षरांपेक्षा थोडा मोठाच झाला. कागद अकरा चित्रांच्या खाली लागला. काका उलट्या पावलांनी मागं सरत सरत दारापर्यंत गेले आणि उंबऱ्यावर उभं राहून म्हणाले, "हितून म्या वाचलं तर काय, माझंच हाय. तुम्हाला येतंय का वाचता?"

बायकांनी एका सुरात वाचलं, शाळेतल्यासारखं : "के-र-बा सो-न-कां-ब-ळे!" महामायानंही त्यात काहीतरी घातलं.

केरबाकाकांनी कानामागं हात धरला.

"ऐकू न्हाई आलं नीट," ते म्हणाले. "आणखी एकदा."